निरोप समारंभ जानेवारीत, प्रवेश ऑगस्टमध्ये

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र. बारावीच्या दोन तुकड्या, विज्ञान आणि कला. प्राचार्यांनी यंदा ‘करिअर मार्गदर्शन’ बाईंच्या गळ्यात घातलं. दिवाळीनंतर त्यांनी दोन व्याख्यानं ठेवली. एक शहरातल्या अकॅडमीच्या संचालकांचं, दुसरं अधिकारी झालेल्या माजी विद्यार्थ्याचं. टाळ्या भरपूर पडल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी ‘पुढे काय करणार?’ हे चिठ्ठीवर लिहून घेतलं. विज्ञानाच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘नीट’, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. कलेच्या चिठ्ठ्यांवर ‘भरती’, नाहीतर काहीच नाही. विज्ञानातल्याच एका बऱ्या मुलानं ‘गॅरेज’ लिहिलं. एका मुलीनं चिठ्ठी दिलीच नाही. नंतर व्हरांड्यात गाठून म्हणाली, परीक्षा झाली की घरचे स्थळं बघणार आहेत. बाई लिहितात, “मुलांना ध्येयच नाही. परीक्षा अडीच महिन्यांवर आली. ज्यांना ‘नीट’ झेपणार नाही त्यांना तसं सांगावं तर स्वप्न मोडल्याचं पाप, न सांगावं तर खोट्या आशेचं. यांना पुढच्यासाठी तयार कसं करू?”

बाई, नमस्कार.

‘ध्येयच नाही’ या वाक्यापाशी मी थांबले. तुम्ही ज्या चिठ्ठ्या पाहून ते लिहिलंत, त्या मला तशा वाटत नाहीत.

‘भरती’ हाच शब्द घ्या. पोलीस शिपाई भरतीला बारावी पास लागतं, मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी 100 गुणांची असते, मुलांना 1600 मीटर पळायचं असतं आणि मुलींना 800. पहाटे हायवेच्या कडेनं पळणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्याला हे आकडे पाठ असतील. त्याला ध्येय आहे. त्याची अडचण वेगळी आहे: बारावी होते तेव्हा तो बऱ्याचदा अठराचाही नसतो, आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. मधली दोन-तीन वर्षं तो नुसता पळत राहतो, आणि भरतीत थोडक्यात हुकला तर हातात फक्त बारावीचं गुणपत्रक. अशा मुलाला ‘मोठं स्वप्न बघ’ म्हणण्यात हशील नाही. त्याला सांगायचं ते इतकंच की पळत राहा, आणि सोबत पदवीला नाव घाल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नेमक्या अशाच मुलांसाठी आहे आणि त्याची अभ्यासकेंद्रं तालुक्यातालुक्यातल्या कॉलेजांत चालतात. पुढे फौजदाराच्या परीक्षेला बसायचं म्हटलं तरी पदवी लागतेच.

कोऱ्या चिठ्ठ्यांचं मात्र मला खरोखर सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही वर्गात कळणार नाही. कोरा कागद म्हणजे विचार न केलेला मुलगा असं धरून चालू नका. ‘फी भरायला घरी पैसे आहेत का ते मला माहीत नाही’ हे कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही.

आता ‘नीट’. विज्ञान घेतलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला लग्नाकार्यात पाहुण्यांनी विचारलं, की ‘नीट देतोय’ म्हटल्यावर पुढचे प्रश्न थांबतात. तुमच्या चिठ्ठीवरही त्यातल्या काहींनी हेच केलं असणार. गेल्या काही वर्षांत देशभरातून 20 लाखांहून जास्त मुलं ही परीक्षा देतात. सरकारी एमबीबीएसला त्यातली किती पोचतात हे मुलांना ठाऊक असतं, पालकांना बहुधा नसतं. पण म्हणून ‘तुला झेपणार नाही’ हे वाक्य तुम्ही उच्चारायची गरज नाही. स्वप्न मोडायचं की खोटी आशा द्यायची, हा पेच तुम्ही उगाच ओढवून घेतलाय. ‘नीट’ लिहिलेल्या प्रत्येकाला एकच विचारा: “नीटचा अर्ज भरशील, बरं. आणखी कुठला?”

राज्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, तिचा पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गट, हा त्याच्या शेजारचा अर्ज आहे. पेपर 200 गुणांचा, त्यातले 100 जीवशास्त्राचे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि मुख्य भर बारावीवर, अकरावीचा वाटा 20 टक्के. नीटचा अभ्यास केलेल्याला वेगळी पुस्तकं लागत नाहीत, वेग वाढवावा लागतो. बी.फार्म. आणि कृषी पदवीचा रस्ता इथून जातो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांत शेतकऱ्याच्या पोरांना शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि तालुक्याच्या गावात त्याबद्दल बोलणारं कुणी नसतं. खुद्द नीटच्या गुणांवरही एमबीबीएसखेरीज दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक यांची दारं उघडतात, मात्र प्रत्येकाची नोंदणी वेळेत करावी लागते. नर्सिंगची राज्यात वेगळी सीईटी आहे. हे सगळं एका कागदावर लिहून वर्गाच्या दारावर डकवलंत, तर त्या संचालकांच्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त काम होईल. (अकॅडमीवाले फुकट व्याख्यान का देतात हे तुम्हाला माहीत आहेच. पुढच्या वर्षी त्यांच्याऐवजी मागच्या वर्षी बारावी झालेली चार मुलं बोलवा. त्यातलं एखादं रिपीट करणारं असू दे, आणि एखादं प्रवेश हुकलेलं.)

रिपीटचा विषय निघेलच. एक वर्ष थांबायला माझी ना नाही, सराव परीक्षांतले गुण आसपास पोचत असतील तर. दुसऱ्यांदा थांबायला आहे. तेव्हा कुठेतरी प्रवेश घेऊनच पुन्हा परीक्षेला बसावं, आणि हे घरी आधीच बोलून ठेवावं. निकालाच्या संध्याकाळी रडारडीत ते ठरत नाही.

तुमच्या पत्रात एक गृहीत आहे ते मला जास्त खटकलं, आणि ते बहुतेक कॉलेजांचं आहे. तुम्ही लिहिता, परीक्षा अडीच महिन्यांवर आली, म्हणजे तेवढाच वेळ उरला. जानेवारीत निरोप समारंभ होतो, हार-फुलं, भाषणं, मुली साड्या नेसून येतात, की आपल्या लेखी मुलं गेली. पण त्यांचं पुढचं सगळं घडतं ते त्यानंतर. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, एप्रिल-मेमध्ये सीईटी, मेमध्ये निकाल, आणि प्रवेशाच्या फेऱ्या जूनपासून पार ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत. ज्या चार-पाच महिन्यांत त्यांना दर आठवड्याला काहीतरी विचारायचं असतं, नेमक्या त्याच महिन्यांत त्यांना विचारायला कुणी नसतं. नव्या कॉलेजचे ते अजून झालेले नसतात आणि जुन्या कॉलेजला सुट्टी लागलेली असते. मग विचारतात ते सायबर कॅफेवाल्याला.

त्या कॅफेत काय होतं ते एकदा जाऊन बघा. काउंटरवर ही गर्दी. मुलगा कागद पुढे करतो, कॅफेवाला सराईतपणे अर्ज भरतो. ईमेलच्या रकान्यापाशी विचारतो, “मेल आयडी आहे का?” मुलगा गप्प. कॅफेवाला स्वतःचाच एक आयडी टाकतो, पासवर्डही स्वतःचाच ठेवतो, मोबाइल नंबर मुलाच्या मामाचा, कारण त्या दिवशी तोच सोबत असतो. प्रिंट काढतो, पैसे घेतो, पुढचा. जुलैमध्ये पर्याय भरायची वेळ येते तेव्हा ओटीपी मामाला जातो, मामा शेतात किंवा ड्युटीवर, पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत, आणि कॅफेवाला गावाला. मुदत संध्याकाळी संपते. गुण असूनही जागा गेलेली मुलं मला दरवर्षी लिहितात. त्यातल्या फार थोड्यांचं कारण ‘ध्येय नव्हतं’ असं असतं.

म्हणून या महिन्यातला पहिला तास यासाठी द्या: प्रत्येकानं स्वतःचा ईमेल काढायचा, पासवर्ड घरच्या वहीत लिहायचा, आणि मोबाइल नंबर असा द्यायचा जो सप्टेंबरपर्यंत बदलणार नाही आणि रात्री घरात असतो. रिचार्ज संपून सिम बंद पडायला नको.

दुसरं काम कागदांचं. कंटाळवाणं आहे, आणि यावरच सगळ्यात जास्त अडतं. आरक्षित प्रवर्गातल्या मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश हवा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जात प्रमाणपत्राहून वेगळं असतं, हे बारावीतल्या कित्येकांना माहीत नसतं. इतर मागासवर्गाच्या मुलाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, जमातींना 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबा कुठल्या शाळेत होते ते शोधा, तिथून प्रवेश-निर्गम उतारा काढा, नाहीतर तहसीलमधून जुन्या कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल मिळवा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांकडे वळा. हे दोन दिवसांत होत नाही. ज्यांनी अजून अर्ज केला नाही त्यांची यादी आजच करा, कारण बारावीत असताना हा अर्ज कॉलेजच्या शिफारशीनं जातो आणि नंतर मुलाला एकट्याला फिरावं लागतं.

नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते. कोणत्या वर्षाच्या 31 मार्चला, ते कागदावर वाचायला लावा. डिसेंबरात ‘आहे आमच्याकडे’ म्हणणाऱ्याचं जूनमध्ये बाद झालेलं असतं. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आधारवरचं आणि दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव जुळतं का, हेही पाहा. आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात पडण्याआधी प्रत्येकाला आपली रजिस्टरमधली नोंद एकदा बघू द्या: जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. कॉलेज सोडल्यावर त्यातली दुरुस्ती फार जिकिरीची होते. यासाठी तुमच्या ऑफिसातल्या क्लार्कना विश्वासात घ्या. बाहेरून आणलेल्या कुठल्याही वक्त्यापेक्षा या कामात त्यांचा उपयोग जास्त आहे, आणि त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं.

कलेच्या तुकडीकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, तुमच्या पत्रातही त्यांच्या वाट्याला दीड ओळ आलीय. सीईटी म्हणजे विज्ञानवाल्यांचं प्रकरण अशी त्या वर्गाची समजूत असते. पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीला सीईटी आहे आणि ती कलेची मुलं देऊ शकतात. बीबीए, बीसीए, बीएमएस यांना 2024 पासून राज्याची सीईटी लागू झाली. त्याआधी हे प्रवेश बारावीच्या गुणांवर व्हायचे, म्हणून थोरली भावंडं अजून ‘निकाल लागला की बघू’ असाच सल्ला देतात. निकाल लागतो तोवर अर्जाची मुदत टळलेली असते. बहुतेक सीईटींचे अर्ज बोर्डाच्या परीक्षेआधी किंवा ऐन परीक्षेच्या धामधुमीत भरले जातात, हे त्या वर्गात दोनदा सांगा. साधी बी.ए. करणाऱ्यांनाही नव्या रचनेची कल्पना द्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स, आणि मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा राहतात. बाळंतपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे मध्येच शिक्षण सुटणाऱ्या मुलींना याचा उपयोग होण्यासारखा आहे.

‘गॅरेज’ लिहिणारा मुलगा मला तुमच्या पत्रातला सगळ्यात भानावर असलेला वाटला. ‘बऱ्या मुलानं’ असं तुम्ही हळहळून लिहिलंय, ती हळहळ त्याला दिसू देऊ नका. त्याला समोर बसवून इतकंच विचारा, गॅरेजमध्ये काम करायचंय की गॅरेज चालवायचंय की गाड्यांचं शिकायचंय? तिन्हींचे रस्ते वेगळे निघतात. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, आणि नंतर शिकाऊ उमेदवारी एसटीच्या आगारातही करता येते. तो विज्ञान शाखेतून बारावी होतोय, म्हणजे तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. डिप्लोमा झाल्यावर पुन्हा इंजिनीअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआय केलेल्यालाही पुढे डिप्लोमाचं दुसरं वर्ष खुलं आहे. त्यानं कुठलीही वाट धरली तरी पुढची वाट बंद होत नाही, हे त्याच्या वडिलांना कळलं की घरातला निम्मा वाद मिटतो. गावात नव्या गाड्या कुठल्या येतायत, विजेवरच्या किती, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. त्यालाच वर्गात दहा मिनिटं बोलू द्या.

स्थळांची गोष्ट सांगणारी मुलगी. पहिल्यांदा तिची जन्मतारीख बघा. अठरा पूर्ण नसतील तर हा मार्गदर्शनाचा विषय राहत नाही, बालविवाहाचा होतो. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक तिच्याजवळ असू दे, आणि गरज पडली तर ग्रामसेवकांपर्यंत जायची तयारी तुम्हीच ठेवा, तिच्यावर टाकू नका. अठरा पूर्ण असतील, तर तिला काय हवंय ते आधी एकांतात विचारा. तिला शिकायचंच असेल असं आपण धरून चालतो. असेल, तर तिच्या आईला भेटा, आणि ‘मुलीला शिकू द्या’ असं सांगू नका. ते त्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं. आकडे घेऊन जा. 2024-25 पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी की प्रवेश सरकारी फेऱ्यांतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत जाते. राहण्या-जेवणाचा खर्च यात येत नाही, तेही स्पष्ट सांगा. म्हणजे पुढे ‘बाईंनी फसवलं’ असं होणार नाही. लग्न पुढे ढकलायचं कारण म्हणून तिच्या आईच्या हातात घरात बोलता येईल असं काहीतरी लागतं. फीमाफीचा कागद त्या कामी येतो.

पैशाबद्दल पालकसभा घ्या, आणि ती परीक्षेआधी घ्या. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज दरवर्षी नव्यानं भरावे लागतात, बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, आणि वसतिगृह निर्वाह भत्त्याची पंजाबराव देशमुख योजना वेगळी असते, एवढं सांगितलं तरी पुरे. शैक्षणिक कर्जाचं ओझं किती पेलवेल हे पालकांना शांतपणे विचारा. निकालानंतर गावात एजंट फिरायला लागतात, ‘सीट बुक करून ठेवतो, मूळ कागद द्या’ म्हणत. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत. महाविद्यालयांनीसुद्धा ते अडकवून ठेवू नयेत असे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, निर्देश आहेत. कमवा आणि शिका या योजनेतून शिकलेली माणसं तुमच्या गावातही सापडतील. रयत शिक्षण संस्थेच्या भागात असाल तर नक्कीच. त्यातलं एखादं पालकसभेला बोलवा.

फेऱ्यांचा सराव मात्र वर्गात करून घ्या, कारण तिथे एका चुकीनं वर्ष जातं. सीईटी कक्ष मागच्या वर्षीचे कट-ऑफ प्रसिद्ध करतो. त्याची प्रत काढा, काल्पनिक गुण द्या, आणि मुलांना पसंतीक्रम लावायला सांगा. पहिल्या क्रमांकावर जे लिहाल ते मिळालं की जागा आपोआप पक्की होते, नाकारून पुढच्या फेरीत चांगलं मिळवू असं चालत नाही. ‘मित्र तिकडे जातोय’ म्हणून वरती लिहिलेलं कॉलेज असंच गळ्यात पडतं.

तुम्ही एकट्यानं हे सगळं करावं असं मी म्हणत नाही. प्राचार्यांकडे एकच मागा: मेच्या निकालापासून ऑगस्टपर्यंत आठवड्यातून एक सकाळ कॉलेजची एक खोली, एक संगणक, आणि आळीपाळीनं एक शिक्षक. तारखा बोर्डावर. मागच्या वर्षीची दोन मुलं मदतीला घ्या, ती आनंदानं येतात आणि अर्ज भरण्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात.

आणि नापास होणाऱ्यांना मोजायला विसरू नका. त्यांचं नाव कुठल्याच व्याख्यानात निघत नाही. पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास होते, तिचा अर्ज तुमच्याच कॉलेजमधून भरला जातो आणि मुदत निकालानंतर लगेच संपते. एखाद-दुसऱ्या विषयात गेलेल्याचं वर्ष त्यातून वाचू शकतं. आयटीआयला तर बारावीचा निकालच आड येत नाही. हे आत्ता, कुणीच नापास झालेलं नसताना, सगळ्या वर्गासमोर सांगून टाका, आणि घरचे फोन नंबर लिहून घ्या. निकालाच्या दिवशी ही मुलं स्वतःहून फोन करत नाहीत, तुम्हालाच करावा लागेल.